दोन कुळांचा वारस : जोसेफ कॉनरॅडचे घराणे आणि त्याच्या कादंबऱ्या

इंग्रजी भाषेत आईचा भाऊ व वडिलांचा भाऊ ह्या दोघांनाही एकच शब्द पुरतो. मराठीत तो पुरत नाही. मामा आणि काका हे केवळ दोन शब्द नव्हेत. त्यांच्यामागे आजोळ व पितृकुल अशी दोन घरे, दोन प्रकारचे अधिकार आणि दोन प्रकारचा जिव्हाळा उभा असतो. पोलिश भाषेची परंपरागत रीतही अशीच आहे. अलीकडच्या बोलण्यात हा भेद पुसट होत चालला असला, तरी जुन्या वळणाच्या पोलिशमध्ये मामाला ‘वुय’ व काकाला ‘स्त्रिय’ असे निराळे शब्द आहेत. जोसेफ कॉनरॅडच्या चरित्राची चर्चा बहुतांशी इंग्रजीतून झालेली असल्यामुळे त्याचा पालनकर्ता तादेऊश बोब्रोफ्स्की हा त्या चर्चेत नुसता एक वडीलधारा नातलग म्हणून वावरतो. तो मामा होता, म्हणजे ज्या घराने कॉनरॅडच्या आईवडिलांच्या विवाहाला दीर्घ काळ संमती दिली नव्हती त्या घराचा तो कर्ता पुरुष होता, ही गोष्ट त्या एका शब्दात बुजून जाते. कॉनरॅडच्या कादंबऱ्यांचा त्याच्या घराण्याशी असलेला संबंध तपासावयाचा, तर प्रारंभ ह्या बुजलेल्या भेदापासून केला पाहिजे.

कॉनरॅडचे मूळ नाव यूझेफ तेओडोर कोनराड कोझेन्योफ्स्की. त्याचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बेर्दिचिव येथे झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. त्या वेळी ते रशियन साम्राज्यात होते. पोलंड हे राष्ट्र तेव्हा नकाशावर नव्हते. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्यांनी ते आपसांत वाटून घेतले होते. कॉनरॅडची दोन्ही घराणी पोलिश जमीनदार-सरदार वर्गातील होती, आणि त्यांची शेतीवाडी युक्रेनियन भाषा बोलणाऱ्या कुळांच्या मुलखात होती. वर परका राज्यकर्ता आणि खाली परक्या भाषेची रयत, अशा स्थितीत सापडलेल्या ह्या वर्गापुढे एकच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उभा होता : लढावयाचे, की उरले आहे ते राखावयाचे? ह्या प्रश्नाला दोन घराण्यांनी दिलेली उत्तरे भिन्न होती.

कोझेन्योफ्स्की हे लढणारांचे घर. आजोबा तेओडोर सैनिक होते. त्यांनी पद्यात एक शोकान्तिका रचली आणि मालमत्ता गमावली. वडील अपोलो हे कवी, नाटककार व भाषांतरकार होते. ह्यूगो, डिकन्स व शेक्सपिअर ह्यांच्या कृती त्यांनी पोलिशमध्ये आणल्या. मुलाच्या बारशाच्या निमित्ताने त्यांनी जी कविता लिहिली तिच्या शीर्षकातच मुलाचा जन्म मॉस्कोच्या दास्याच्या पंच्याऐंशिव्या वर्षी झाल्याचा उल्लेख आहे. म्हणजे बापाने मुलाचे जन्मवर्ष पहिल्या फाळणीपासून मोजले. नामकरणही असेच अर्थपूर्ण होते. ‘यूझेफ’ हे आईच्या वडिलांचे नाव, ‘तेओडोर’ हे वडिलांच्या वडिलांचे, आणि ‘कोनराड’ हे कोणत्याही पूर्वजाचे नव्हे. ते मित्स्क्येविच ह्या राष्ट्रकवीच्या काव्यनायकाचे नाव होय. १८२८ च्या ‘कोनराड वालेनरोड’ ह्या काव्यातील नायक शत्रूच्या धर्मयोद्ध्यांच्या संघात शिरतो, त्याचा सर्वश्रेष्ठ अधिकारी होतो आणि आतून त्याचा नाश घडवून आणतो. स्वदेशनिष्ठेपोटी केलेला विश्वासघात हा त्या काव्याचा विषय आहे. दोन्ही आजोबांची नावे आणि त्यांच्या शेजारी एका एकनिष्ठ द्रोह्याचे नाव, अशी ही त्रयी होती. पुढे ह्या मुलाने इंग्रजी लेखक म्हणून नाव निवडताना आडनाव टाकले आणि नेमके तिसरे नाव ठेवले.

बोब्रोफ्स्की हे राखणारांचे घर समजले जाई. शेती नीट पाहावी, शिक्षण घ्यावे, कायद्याच्या कक्षेत राहून जे मिळेल ते मिळवावे, ही त्यांची वृत्ती. त्यांची कन्या एवा आणि अपोलो ह्यांचे प्रेम जमले तेव्हा हा कविवृत्तीचा, हाती ठोस उद्योग नसलेला जावई एवाच्या वडिलांना मुळीच पसंत नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतरही एवाला काही वर्षे थांबावे लागले आणि १८५६ मध्ये विवाह झाला. पुढील घटना फार वेगाने घडल्या. वॉर्सा येथे गुप्त राजकीय संघटना उभारल्याच्या आरोपावरून अपोलोला ऑक्टोबर १८६१ मध्ये अटक झाली, आणि १८६२ मध्ये पतिपत्नी दोघांनाही उत्तर रशियातील व्होलोग्दा येथे हद्दपार करण्यात आले. बरोबर चार वर्षांचा मुलगा होता. आपल्या आठवणींचा आरंभ वॉर्साच्या किल्ल्यातील तुरुंगाच्या अंगणात होतो, असे कॉनरॅडने पुढे सांगितले आहे. १८६३ मध्ये कुटुंबाला दक्षिणेस चेर्निहिव येथे हलविण्यात आले. तेथे एप्रिल १८६५ मध्ये एवा क्षयाने वारली. त्यानंतरची चार वर्षे मुलगा आजारी, विझत चाललेल्या बापाबरोबर जवळजवळ एकटाच वाढला. बाप ह्यूगोच्या समुद्रविषयक कादंबरीचे भाषांतर करी आणि मुलगा ते मोठ्याने वाचून दाखवी. २३ मे १८६९ रोजी क्राकोव येथे अपोलोचा मृत्यू झाला. त्याची अंत्ययात्रा हे शहराचे मूक राजकीय निदर्शनच ठरले. शवपेटीच्या मागून अकरा वर्षांचा मुलगा चालत होता.

येथून मुलगा आजोळच्या स्वाधीन झाला. आजी तेओफिला होती, परंतु खरा कारभार मामाचा. तादेऊश बोब्रोफ्स्की कायदा शिकलेला, विधुर व नेमस्त मताचा गृहस्थ होता; त्याची एकुलती मुलगीही बालपणीच गेली. भाच्यावर त्याचे मनापासून प्रेम होते, आणि त्या प्रेमाची भाषा हिशेबाची होती. भाच्यासाठी केलेल्या प्रत्येक खर्चाची नोंद असलेली एक जमाखर्चाची वही त्याने १८६९ पासून ठेवली. तीत आकड्यांबरोबर शेरेही आहेत : कोणते कर्ज कोणत्या मूर्खपणामुळे झाले, कोणती रक्कम कितव्यांदा शेवटची म्हणून दिली, इत्यादी. वही १८९० पर्यंत येते आणि कोनराडला माणूस बनविण्यास सतरा हजारांहून अधिक रूबल लागले असा निष्कर्ष काढून थांबते. पत्रांचा सूरही तोच. भाच्याने काही चांगले केले की ते बोब्रोफ्स्कींचे, आणि उधळपट्टी, स्वप्नाळूपणा किंवा चंचलता दिसली की तो ‘नावेंच’ ह्या कोझेन्योफ्स्कींच्या कुलचिन्हाचा दोष, असे त्याचे वर्गीकरण ठरलेले होते. १८९१ मध्ये, भाचा काँगोहून शरीराने व मनाने खचून परतल्यानंतर लिहिलेल्या पत्रातही वडिलांकडून आलेल्या ह्या वारशाची तपशीलवार चिकित्सा आहे. तेव्हा भाचा तेहेतीस वर्षांचा होता.

ह्या काळातील सर्वांत बोलकी घटना १८७८ ची आहे. राजकीय कैद्याचा मुलगा म्हणून रशियन लष्करात दीर्घ नोकरी करावी लागण्याची धास्ती होती. १८७४ मध्ये सोळा वर्षांचा कॉनरॅड मार्सेय येथे गेला आणि फ्रेंच जहाजांवर उमेदवारी करू लागला. चार वर्षांत त्याने पैसे उडविले, कर्ज केले आणि अखेर स्वतःच्या छातीत गोळी झाडून घेतली. गोळी आरपार गेली व तो वाचला. मामा किएव्हहून धावत आला, देणी फेडली, आणि चार लोकांत सांगण्यासाठी एक कथा रचली : भाचा द्वंद्वयुद्धात जखमी झाला. खरा प्रकार त्याने १८७९ मध्ये अपोलोच्या एका जुन्या मित्राला खासगी पत्रात कळविला. कॉनरॅडने मात्र ही द्वंद्वयुद्धाची कथा जन्मभर सांभाळली आणि १९१९ च्या ‘द ॲरो ऑफ गोल्ड’ ह्या कादंबरीत ती वापरलीही. कथा रचणाऱ्या भाच्याची पहिली कथा, असे म्हणावयास हरकत नाही, मामाने रचून दिली. ज्या घरात कल्पनाशक्ती हा पितृकुलाचा दोष मानला जात होता त्या घराच्या कर्त्याने हे करावे, ह्यातील विसंगती मामाच्या ध्यानात आली असेल असे वाटत नाही.

येथे संशोधकाने थोडे थांबले पाहिजे. वर अपोलो व तादेऊश ह्यांची जी चित्रे आली त्यांतील बराचसा भाग तादेऊशच्याच हातचा आहे. त्याची पत्रे, त्याची वही आणि १९०० मध्ये ल्विव येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींचे दोन खंड उपलब्ध आहेत. उलट भाच्याने मामाला लिहिलेली पत्रे रशियातील क्रांतीच्या धामधुमीत नष्ट झाली. म्हणजे वादीचे निवेदन आहे आणि प्रतिवादीचे नाही. झ्जिस्वाव नायदेर ह्यांनी १९६४ मध्ये ही पत्रे इंग्रजीत आणली आणि १९८३ च्या चरित्रात बोब्रोफ्स्कीचा शब्द जसाच्या तसा स्वीकारणे किती धोक्याचे आहे ते दाखविले. तरीही ‘स्वप्नाळू बाप आणि व्यवहारी मामा’ ही सोयीची जोडी कित्येक अभ्यासकांच्या लेखनातून अजून हटलेली नाही.

वस्तुतः ही जोडी बोब्रोफ्स्कींच्या घरातच कोलमडते. तादेऊशचा धाकटा भाऊ स्तेफान हा १८६३ च्या उठावाच्या जहाल पक्षाचा वॉर्सातील एक प्रमुख नेता होता. वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, तो द्वंद्वयुद्धात मारला गेला. आणि हे द्वंद्वयुद्ध मात्र खरे होते. उठावात कोझेन्योफ्स्कींनीही आहुती दिली, अपोलोचा भाऊ रॉबर्ट त्यात पडला आणि दुसरा भाऊ हिलारी सायबेरियात गेला. परंतु क्रांतीचे रक्त एका कुळाचे व शहाणपणाचे रक्त दुसऱ्या कुळाचे, ही तादेऊशची मांडणी त्याच्या सख्ख्या भावाच्या बाबतीत लागू पडत नव्हती. बहीण एवा पतीबरोबर हद्दपारीत गेली होती, हेही विसरता येत नाही. आजोळच्या आणखी एका पूर्वजाची, चुलत आजोबा मिकोवाय ह्यांची, कथा कॉनरॅडने आठवणींत रंगवून सांगितली आहे. नेपोलियनच्या सैन्यातील हा अधिकारी १८१२ च्या माघारीत भुकेपोटी कुत्र्याचे मांस खाण्यापर्यंत गेला होता. ही कथा लहानपणी ऐकून हादरलेल्या लेखकाने प्रौढपणी तिच्यात देशासाठी केलेल्या त्यागाचा एक विद्रूप पण खरा प्रकार पाहिला. म्हणजे राखणारांचे घरही केवळ राखणारांचे नव्हते.

समुद्रावरील नोकरीचा काळ येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. १८७८ मध्ये तो इंग्लंडला पोहोचला, १८८६ मध्ये ब्रिटिश नागरिक झाला आणि त्याच वर्षी त्याला कप्तानाचे प्रमाणपत्र मिळाले. मधल्या काळात, एप्रिल १८८४ मध्ये, मद्रासला एका कप्तानाशी बिनसल्यामुळे तो मुंबईला आला आणि येथे ‘नार्सिसस’ ह्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून चढला. ह्याच जहाजावरील त्याच्या १८९७ च्या कादंबरीचा आरंभ मुंबईच्या बंदरात होतो. जगभरच्या बंदरांतून मामाची पत्रे त्याचा पाठलाग करीत होती. फेब्रुवारी १८९४ मध्ये मामा वारला. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी कॉनरॅडने ‘ऑलमायर्स फॉली’ ही पहिली कादंबरी पूर्ण केली आणि १८९५ मध्ये ती मामाच्या स्मृतीस, केवळ आद्याक्षरे घालून, अर्पण केली. ज्या बापाचे सारे आयुष्य मुलीसाठी रचलेल्या एका सोनेरी स्वप्नात वाया जाते आणि जिला ते स्वप्न नको असते अशी मुलगी त्याला सोडून निघून जाते, त्याची ही कथा आहे. स्वप्नाळू बापाचे पुस्तक, आणि अर्पण हिशेबी मामाला.

‘लॉर्ड जिम’ (१९००) ही कादंबरी ह्या संदर्भात सर्वांत अधिक चर्चिली गेली आहे. यात्रेकरूंनी भरलेले जहाज बुडणार असे समजून जिम उडी मारून पळतो. जहाज बुडत नाही. आणि उरलेले आयुष्य त्या एका उडीची भरपाई करण्यात जाते. गुस्ताव मोर्फ ह्यांनी १९३० मध्ये असे मत मांडले की ते जहाज म्हणजे पोलंड होय, आणि उडी म्हणजे कॉनरॅडचे देशत्याग. ह्या मताच्या पुष्टीसाठी जहाजाचे ‘पाटणा’ हे नाव आणि पोलंडचे नाव ह्यांतील ध्वनिसाम्यही पुढे करण्यात आले. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला अशा साम्याचे मोल किती असते हे सांगावयास नको. पाटणा हे हिंदुस्थानातील शहर आहे. पूर्वेकडील व्यापारी जहाजांना तेथील शहरांची नावे देण्याचा प्रघात होता. आणि कथेचे मूळ ‘जेद्दा’ ह्या जहाजाच्या १८८० मधील प्रत्यक्ष घटनेत आहे, ज्यातील सुमारे हजार यात्रेकरूंना अधिकाऱ्यांनी वाऱ्यावर सोडले होते. तथापि मोर्फ ह्यांचे ध्वनिशास्त्र कच्चे म्हणून त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही. १८९९ मध्ये, कॉनरॅड ही कादंबरी लिहीत असताना, एलिझा ओझेश्कोवा ह्या पोलिश लेखिकेने पैशासाठी परभाषेत लिहिणारा म्हणून त्याच्यावर नाव घेऊन जाहीर टीका केली होती. तो घाव त्याच्या वर्मी लागला.

परंतु कुळाचा ठसा उडीत शोधण्यापेक्षा निवेदनाच्या रचनेत शोधणे अधिक फलदायी होईल. जिमची कथा जिम सांगत नाही, मार्लो सांगतो. हा मध्यमवयीन, सुज्ञ, थोडा उपरोधिक गृहस्थ एका रोमँटिक तरुणाला पुरता समजू शकत नाही आणि सोडूनही देऊ शकत नाही. तो त्याला एका भातगिरणीच्या मालकाकडे नोकरी लावून देतो, तेथून तो पळाला की दुसरीकडे, मग तिसरीकडे. तो शिफारसपत्रे लिहितो, त्याची चौकशी करतो आणि त्याच्या स्वभावाचे निदान मित्रांपुढे मांडतो. घरी पाळक असलेला जिमचा खरा बाप आहे, परंतु त्याला काहीच कळलेले नाही. त्याचे भाबडे उपदेशपर पत्र जिम अखेरपर्यंत जपून ठेवतो. बोब्रोफ्स्कीची पत्रे वाचलेल्या अभ्यासकाला येथे ओळखीचा आवाज ऐकू येतो. वीस वर्षे कॉनरॅडचे आयुष्य त्याला दुसऱ्या कुणीतरी, त्याच्यावर माया करणाऱ्या परंतु त्याच्या पितृकुलावर विश्वास नसलेल्या माणसाने, पत्रापत्रातून सांगितले होते. ‘यूथ’ (१८९८), ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ (१८९९) व ‘लॉर्ड जिम’ ह्यांत त्याने त्या सांगणाऱ्याची जागा स्वतः घेतली आणि ऐकणाऱ्याला कथानायक केले. ह्याला सिद्ध प्रमेय म्हणता येणार नाही. पण मोर्फ ह्यांच्या रूपकापेक्षा ते कादंबरीच्या प्रत्यक्ष घडणीशी अधिक जुळते. शिवाय मार्लो मामापेक्षा एका गोष्टीत पुढे जातो. तो जिमचा खटला अखेर स्टाइनकडे नेतो, आणि स्टाइन हा तरुणपणी १८४८ च्या क्रांतिकारक चळवळीत सापडून परागंदा झालेला व पुढे यशस्वी व्यापारी बनलेला मनुष्य आहे. पिता व मामा ह्यांचे ऐक्य व्यवहारात कधीच झाले नाही. स्टाइनमध्ये ते क्षणभर होते.

‘नोस्ट्रोमो’ (१९०४) मध्ये बापाचा वारसा चांदीच्या खाणीच्या रूपाने येतो. गूल्डचा बाप खाणीपायी उद्ध्वस्त होतो आणि तिला हात लावू नकोस असे मुलाला पत्रांतून परोपरीने बजावतो. मुलगा नेमका तिच्याकडेच जातो. त्याच कादंबरीत डॉन होसे अव्हेयानोस हा वृद्ध देशभक्त आपल्या देशातील अंदाधुंदीचा इतिहास लिहितो आणि दंगलीत त्याची छापील पाने बंदुकीत ठासण्यासाठी वापरली जातात. अपोलोनेही रशिया व पोलंड ह्यांच्या संबंधांवर एक जळजळीत प्रबंध लिहिला होता आणि तो १८६४ मध्ये लाइप्सिग येथून प्रसिद्ध झाला होता. असे लेखन कोणत्या गतीला जाते ह्याची कॉनरॅडला घरातूनच कल्पना होती.

तथापि ह्या विषयाची खरी कसोटी ‘अंडर वेस्टर्न आइज’ (१९११) ही कादंबरी होय. तिचे लेखन डिसेंबर १८९७ नव्हे तर १९०७ च्या अखेरीस सुरू झाले आणि जानेवारी १९१० मध्ये संपले, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण मध्येच, १९०८-०९ मध्ये, कॉनरॅडने ते बाजूस ठेवून ‘अ पर्सनल रेकॉर्ड’ ह्या आठवणी लिहिल्या. आठवणी लिहिताना मामाच्या १९०० च्या खंडांचा त्याने पुष्कळ आधार घेतला. म्हणजे दोन्ही कुळांचा वृत्तान्त व रशियन क्रांतिकारकांची ही कादंबरी एकाच काळात, एकाच मेजावर आकार घेत होती.

कादंबरीचा नायक राझुमोव्ह हा सेंट पीटर्सबर्ग येथील विद्यार्थी असून एका राजपुत्राचा अनौरस मुलगा आहे. त्याला घर नाही. वकिलामार्फत ठराविक पैसे येतात, एवढाच त्याचा कुलसंबंध. त्याचे नाव रशियन ‘राझुम’, म्हणजे बुद्धी, ह्या शब्दावरून आले आहे. पोलिशमध्येही त्याच धातूचा ‘रोझुम’ हा शब्द आहे आणि ‘समजणे’ ह्या अर्थाचे क्रियापद त्यावरूनच बनते. इंग्रज वाचकाला ह्या नावात काही ऐकू येत नाही. लेखकाला आल्यावाचून राहिले नसेल. ह्या बुद्धिवादी, नेमस्त, स्वतःच्या परीक्षेपलीकडे काही न मागणाऱ्या तरुणाच्या खोलीत एके दिवशी हाल्डिन हा राजकीय हत्या करून आलेला विद्यार्थी केवळ विश्वासाने येऊन बसतो. राझुमोव्ह राजपुत्राकडे जातो, आणि त्याच्याच मध्यस्थीने हाल्डिनला पोलिसांच्या हवाली करतो. वकिलामार्फत पैसे पाठविणारे पालकत्व आणि न विचारता दारात येऊन उभी राहिलेली क्रांती ह्यांच्या मध्ये सापडलेला मुलगा, अशी ही मांडणी आहे. येथवर तिचे साम्य सहज दिसते, आणि बहुतेक टीकाकारांनी ते पाहिले आहे.

ज्या एका तपशिलाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले तो निराळाच आहे. राझुमोव्हच्या खोलीत बोलताना हाल्डिन आपल्या घरची माहिती देतो. त्याच्या वडिलांची थोडीशी जमीन होती आणि तेवढ्यात ते समाधानी होते. आपण मात्र त्यांच्यावर गेलेलो नाही, तर आईच्या थोरल्या भावावर गेलो आहोत असे सर्व म्हणतात, असे तो सांगतो. तो भाऊ लष्करी अधिकारी होता आणि झार निकोलसच्या कारकीर्दीत, १८२८ मध्ये, त्याला गोळी घालण्यात आली होती. मराठीत हे वाक्य सांगताना ‘मामा’ हा शब्द वापरल्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो वापरताच चित्र लख्ख होते. जमिनीत समाधान मानणारा तो बाप, आणि बंडासाठी प्राण देणारा तो मामा! तादेऊशने सुमारे पंचवीस वर्षे भाच्याच्या मनावर बिंबविलेला कुलविभाग येथे नेमका उलटा केलेला आहे. हाल्डिन आजोळवर गेला म्हणून क्रांतिकारक झाला. तादेऊशच्या आठवणी समोर उघड्या असताना, स्तेफानची कथा त्यांत वाचत असताना, कॉनरॅडने ही अदलाबदल केली. ती जाणीवपूर्वक केली की लेखणीतून आपोआप उतरली, हे ठरविण्याची गरज नाही. ‘अ पर्सनल रेकॉर्ड’मध्ये मामाविषयी केवळ कृतज्ञता आहे, आणि ती खरी आहे, परंतु जे कृतज्ञतेच्या पुस्तकात मांडता येत नव्हते ते कादंबरीत एका दुय्यम पात्राच्या तोंडच्या दोन-तीन वाक्यांत मांडले गेले.

ही सारी कथा सांगणारा निवेदक जिनिव्हातील एक वृद्ध इंग्रज भाषाशिक्षक आहे. ज्याचा धंदा भाषा शिकविण्याचा तोच शब्दांविषयी सर्वांत साशंक! रशियनांचे मन आपल्याला कळत नाही असे तो पुनःपुन्हा सांगतो, आणि तरी सांगत राहतो. ‘व्हिक्टरी’ (१९१५) मध्ये हेच नाते आणखी एक वळण घेते. तेथे संशयवादी आहे तो स्वतः बापच; कशातही न गुंतण्याची त्याची शिकवण मुलाला प्रेम करण्यासही असमर्थ करून सोडते. तेथे बापाच्या खुर्चीत मामा येऊन बसला आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो अतिरेक होईल.

भाषेचा प्रश्न ह्या कुलवृत्तान्तापासून वेगळा काढता येत नाही. वडील व मामा दोघेही पोलिशमध्ये बोलत, लिहीत व रागावत. वडिलांचा वाद पोलिश, मामाचा हिशेब पोलिश. फ्रेंच ही त्याची दुसरी भाषा होती, आणि इंग्रजी त्याने विशीनंतर शिकली. ज्या भाषेत दोन्ही पक्षांपैकी कोणीही त्याला कधी काही सांगितले नव्हते ती भाषा त्याने लेखनासाठी घेतली. ह्यात निर्वासिताची गरज होती हे खरे. पण त्या अंतरामुळेच हा वाद त्याला न्यायाधीशाच्या आसनावरून ऐकता आला असावा. पोलिश मात्र दबा धरून होती. १८९६ मध्ये विवाहानंतर ब्रिटनी येथे असताना त्याला ताप भरला आणि तो पोलिशमध्ये बरळू लागला. शेजारी बसलेल्या इंग्रज पत्नीला, जेसीला, एक अक्षर कळेना. पाच वर्षांनी ‘एमी फॉस्टर’ ह्या कथेत ही रात्र परतली. कार्पेथियन पर्वतातून आलेला, जहाज फुटून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलेला यांको तापात आपल्या मातृभाषेत पाणी मागतो, बायको घाबरून मूल घेऊन पळते, तो मरतो. कथेतील बायको पळाली, प्रत्यक्षातील जेसी पळाली नाही. जानेवारी १९१० मध्ये ‘अंडर वेस्टर्न आइज’ पूर्ण होताच कॉनरॅड कोसळला, आणि ह्याही वेळी कित्येक दिवस तो अंथरुणावर पोलिशमध्ये बोलत होता; जेसीच्या सांगण्याप्रमाणे तो कादंबरीतील पात्रांशीच संवाद करीत होता. ती पात्रे रशियन होती, कादंबरी इंग्रजी होती, आणि संवाद पोलिशमध्ये चालला होता.

पितृकुलाचा पक्ष अखेरीस कागदपत्रांच्या रूपाने पुढे आला. मृत्यूपूर्वी सुमारे पंधरा दिवस अपोलोने आपली हस्तलिखिते जाळावयास लावली होती. मुलगा खोलीत आला तेव्हा शुश्रूषा करणारी बाई विस्तवात कागद टाकीत होती. हे दृश्य कॉनरॅड कधी विसरला नाही, आणि बापाच्या हातचे काही उरलेले नाही अशी त्याची समजूत होती. १९१४ मध्ये तो पत्नी व दोन मुलांना घेऊन क्राकोव येथे गेला. तेथेच पहिल्या महायुद्धाने त्याला गाठले. परंतु त्याआधी यागिएलोनियन विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याला अपोलोची काही हस्तलिखिते आणि एका जिवलग मित्राला हद्दपारीतून लिहिलेली पत्रे दाखविण्यात आली. त्यांत लहानग्या कोनराडचेही उल्लेख होते. १९१९ मध्ये ‘अ पर्सनल रेकॉर्ड’च्या नव्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या टिपणात त्याने ह्या पत्रांची हकीकत सांगितली, आणि आपल्या वडिलांना क्रांतिकारक म्हणणे चूक आहे, ते देशभक्त होते, असा आग्रह धरला. हे लिहिताना तो एकसष्ट वर्षांचा होता आणि मामा जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.